जाळ्याच्या मण्यांसाठी शिसे कोठून घ्यावे?

प्रति,
मा. संपादक,

विषय : मासेमारीच्या जाळ्यांसाठी शिसे खरेदी करताना घ्यावयाची काळजी आणि मच्छीमार सहकारी संस्थांना एक विनंती.

स. न. वि. वि.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आटोपली की तापीकाठच्या आमच्या भोईवाड्यांत जाळ्यांची डागडुजी सुरू होते. फाटलेले कप्पे विणले जातात, दोर बदलले जातात आणि वर्षभरात खडकाला घासून गळून पडलेले शिशाचे मणी पुन्हा ओतले जातात. मणी ओतण्याचे काम आजही बहुतेक घरी अंगणातच होते, आणि त्यासाठी लागणारे शिसे आठवडे बाजारातल्या भंगारवाल्याकडून किंवा गाडी दुरुस्तीच्या दुकानामागच्या ढिगातून येते. हे शिसे नेमके कोणते असते, ते मण्यांसाठी योग्य आहे की नाही आणि ते आपल्या दारात आणताना आपण सोबत आणखी काय घेऊन येतो, याविषयी चार गोष्टी आपल्या दैनिकातून मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी भोई समाजातला; वडील आणि आजोबा तापीवर जाळे टाकीत. मी स्वतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ओतकामाचा निदेशक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. त्यामुळे जाळे आणि भट्टी या दोहोंचा माझा संबंध जुना आहे.

प्रथम शिसेच का, हे सांगतो. फेकजाळे पाण्यावर पसरून पडल्यावर त्याची कड झपाट्याने तळाला गेली पाहिजे, नाहीतर मरळ आणि रोहू कडेखालून निसटतात. शिशाची घनता पाण्याच्या ११.३४ पट आहे. त्यामुळे पाण्यात बुडाल्यावरही त्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक वजन शाबूत राहते. भाजलेल्या मातीचा मणी घेतला तर त्याचे जवळजवळ निम्मे वजन पाणीच उचलते. लोखंड या बाबतीत शिशाच्या फार मागे नाही, पण ते गंजते, गंजलेली कडा दोरा कापते आणि घरच्या चुलीवर ते वितळत नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, साध्या साच्यात बसते आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने दोरावर दाबता येते. आमच्या घरच्या फेकजाळ्याला साडेतीन किलो शिसे आहे. पंधरा ग्रॅमचा एक मणी धरला, तर सव्वादोनशेच्या वर मणी झाले. दर वर्षी त्यातले दीड-दोन किलो नदीच्या तळाशी राहते आणि तेवढे नवे ओतावे लागते.

हे दीड-दोन किलो आणण्याचा प्रश्न माझ्या वडिलांच्या काळी फारसा अवघड नव्हता. जुन्या टेलिफोनच्या तारांवर शिशाचे आवरण असे, ते मऊ आणि पुष्कळ शुद्ध असे. कोठे जुना शिशाचा नळ निघे, कोठे छापखान्यातले झिजलेले खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे धातूचे ठसे, किलोवर विकले जात. आता तारांवर प्लॅस्टिक आले, नळ प्लॅस्टिकचे झाले, छापखाने संगणकावर गेले. शिसे मात्र कमी झाले नाही, ते बॅटरीत गेले. दुचाकी, ट्रॅक्टर, जीप, घरोघरचे इन्व्हर्टर आणि अलीकडे जळगाव-भुसावळात धावणाऱ्या ई-रिक्षा, या सर्वांत शिशाच्याच बॅटऱ्या आहेत. साहजिकच आज बाजारात ‘मऊ शिसे’ म्हणून जी लादी हातात ठेवली जाते, ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी अंगणात फोडलेल्या बॅटरीची असते. माझा आक्षेप या लादीला आहे, आणि तो केवळ प्रकृतीच्या कारणाने नाही. मण्यासाठीही ते शिसे चांगले नाही आणि बॅटरीच्या प्लेटा आणून घरी वितळवल्या तर हिशेबाने ते स्वस्तही पडत नाही.

हिशेबाचे आधी सांगतो, कारण आमच्या वाड्यात माझे म्हणणे लोकांना पटू लागले ते हिशेबानेच. दोन वर्षांपूर्वी एका शेजाऱ्याने नव्वद रुपये किलोने दहा किलो बॅटरीच्या प्लेटा आणल्या आणि मी त्याच्या ओतकामाजवळ काटा घेऊन बसलो. सगळे वितळवून, मळी काढून झाल्यावर हातात आलेले शिसे भरले सव्वाचार किलो. म्हणजे नऊशे रुपयांत सव्वाचार किलो, किलोला दोनशे बारा रुपये. त्यात सरपण आणि दिवसभराची मेहनत धरलेली नाही. उरलेले वजन गेले कोठे, असे त्याने विचारले. बॅटरीच्या प्लेटीत शिशाची जाळी असते आणि त्या जाळीत लेप भरलेला असतो. हा लेप म्हणजे शिशाचे ऑक्साइड आणि सल्फेट. बॅटरीतल्या एकूण शिशापैकी निम्म्याच्या आसपास शिसे या लेपातच असते, पण चुलीच्या आचेवर ते मोकळे होत नाही. त्यासाठी हजार अंशांच्या आसपासची भट्टी आणि कोळशासारखे द्रव्य लागते. चुलीवर फक्त जाळी वितळते. लेपाची करडी-तांबूस पूड आपण पळीने काढतो आणि उकिरड्यावर किंवा कुंपणाशी फेकतो. त्या दिवशी शेजाऱ्याच्या कुंपणाशी पाच किलोच्या वर अशी पूड पडली होती, आणि तिच्यावर कोंबड्या चरत होत्या.

ज्यांनी बॅटरीच्या जाळ्यांचेच शिसे वापरले, त्यांना त्याचा दुसरा दोषही ठाऊक असेल. जाळी ताठ राहावी म्हणून कारखानदार तिच्यात अँटिमनी किंवा कॅल्शियम मिसळतात. अँटिमनी शिशाला कडक करते, आणि कडक शिशाचा मणी दोरावर दाबताना चिरतो. चिरलेल्या मण्याची धार दोर कापते, दोर तुटला की पुढचे दहा मणी पाण्यात जातात. मण्याला हवे असते ते शुद्ध, मऊ शिसे. जे नखाने ओरखडते, कागदावर ओढले तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटवते आणि फरशीवर टाकले तर वाजत नाही, नुसते बद्द करून पडते. कडक मिश्रण फरशीवर टाकल्यास खणखणते. ही परीक्षा करायला कोणतेही यंत्र लागत नाही. बाजारात उभ्या उभ्या करता येते, आणि ती केल्याशिवाय कोणी लादी घेऊ नये. ज्याला आणखी खात्री हवी त्याने लादीचा कोपरा सुरीने कापून पाहावा. शुद्ध शिशाचा ताजा काप निळसर चकचकीत दिसतो आणि सुरी त्यात साबणात जावी तशी जाते.

छापखान्याच्या खिळ्यांविषयी एक खुलासा करावासा वाटतो, कारण जुनी माणसे अजूनही ‘खिळ्यांचे शिसे सर्वांत चांगले’ असे म्हणतात. खिळ्यांच्या धातूत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील भरपूर असते. लायनोटाइप या जुन्या अक्षरजुळणी यंत्राच्या धातूत अँटिमनी अकरा-बारा टक्के आणि कथील चार टक्क्यांच्या आसपास. अक्षराची धार टिकावी आणि साच्याचा कोपरा न् कोपरा भरावा म्हणून ते मिश्रण तसे केलेले असते. ते साध्या शिशापेक्षा बरेच लवकर, अडीचशे अंशांच्याही आत वितळते, साचा सुरेख भरते, म्हणून जुन्यांना ते आवडे. ज्या मण्याला ओततानाच भोक ठेवले आहे आणि जो नुसता दोरात ओवायचा आहे, त्याला हा धातू चालतो. दाबून बसवायच्या मण्याला तो मुळीच चालत नाही. शिवाय आज जे थोडे खिळे उरले आहेत ते देवनागरी मुद्रणाच्या इतिहासाचा ठेवा आहेत, आणि ते भंगारात जाऊन जाळ्याला लागावेत असे मला वाटत नाही. ज्यांच्या घरी असे खिळे आहेत त्यांनी ते एखाद्या ग्रंथालयाला द्यावेत.

टायरच्या कडेला बसवतात त्या बॅलन्सिंगच्या वजनांबद्दलही विचारणा होते. टायरवाल्यांकडे ती स्वस्तात मिळतात. पूर्वी ती थोड्या अँटिमनीच्या शिशाची असत. आता त्यांत जस्ताची आणि लोखंडाची वजनेही मिसळलेली असतात. लोखंडाची वजने वितळत नाहीत, वर तरंगतात आणि पळीने काढता येतात, म्हणून त्यांचा त्रास नाही. जस्त मात्र ४१९ अंशांना वितळते. भट्टी जास्त तापली आणि जस्त शिशात उतरले, की सगळी कढई लापशीसारखी घट्ट होते, साचा अर्धवट भरतो आणि तो सगळा घाणा वाया जातो. म्हणून ही वजने घ्यायचीच असतील तर एकेक वजन पकडीने चावून पाहावे. शिशावर खूण उमटते, जस्तावर पकड घसरते. काही वजनांवर धातूची इंग्रजी अक्षरेही कोरलेली असतात.

दवाखान्यांच्या क्ष-किरण खोलीच्या भिंतीत बसवलेले शिशाचे पत्रे मात्र, ती खोली मोडताना मिळाले, तर मण्यांसाठी उत्तम. ते शुद्ध असतात, आणि क्ष-किरणांनी शिसे किरणोत्सारी होत नाही, म्हणून त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. भीती बाळगायची ती वेगळ्याच गोष्टीची. शिशाचे जाड, जड, बंद डबे किंवा नळकांडी भंगारात आली, विशेषतः ज्यांवर पिवळ्या पार्श्वभूमीवर किरणोत्साराची तीन पाकळ्यांची खूण आहे अशी, तर त्यांना कोणी हात लावू नये. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात गेलेले कोबाल्ट-६० या किरणोत्सारी द्रव्याचे यंत्र फोडले गेले. अनेक माणसे भाजली आणि एकाचा जीव गेला. त्या यंत्राभोवतीही शिशाचे जाड आवरण होते, आणि भंगारवाल्यांच्या नजरेने तो मोठा लाभच होता. असा डबा दिसला तर लांब राहून पोलिसांना कळवावे.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहावेसे वाटले, ती सांगतो. माझ्या पुतण्याची चार वर्षांची मुलगी मागच्या वर्षी सतत पोटात दुखते म्हणून रडायची. जेवत नसे, शौचाला होत नसे, चेहरा पांढुरका पडत चालला होता. एका दवाखान्यात तिला जंतांचे औषध तीनदा दिले गेले, रक्तवाढीचे पातळ औषध दिले गेले, पण फरक पडेना. चौथ्या महिन्यात दुसऱ्या एका डॉक्टरांनी, घरी काम काय चालते, असा प्रश्न विचारला. तो प्रश्न त्याआधी कोणीही विचारला नव्हता. पुतण्याने मण्यांचे सांगितले, तेव्हा त्यांनी रक्तातील शिशाची तपासणी करायला लावली. अहवालात एक डेसिलिटर रक्तात ३८ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार हे प्रमाण ५ मायक्रोग्रॅमला पोचले तरी शिसे कोठून येते ते शोधून थांबवले पाहिजे, आणि शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असेही ती संघटना स्पष्ट सांगते. मुलगी आता बरी आहे, हसते-खेळते. पण त्या चार महिन्यांत तिच्या वाढत्या मेंदूवर काय परिणाम झाला असेल, याचे उत्तर कोणीही देऊ शकत नाही, आणि तो विचार घरातल्या कोणालाही स्वस्थ बसू देत नाही.

पुतण्याचे म्हणणे होते की मुलगी भट्टीजवळ कधी जातच नसे. त्याचे खरे होते. शिशाची वाफ लक्षात येण्याइतकी निघू लागते ती पाचशे अंशांच्या पुढे, आणि मुलांच्या पोटात शिसे जाते ते प्रामुख्याने धुळीतून. ओतकाम झाल्यावर अंगण झाडले जाते, ती करडी पूड हवेत उडते, ओट्यावर बसते, बापाच्या सदऱ्यावर बसते. रांगणारे, मातीत खेळणारे मूल तोच हात तोंडात घालते. लहान मुलांचे शरीर पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार ते पाच पट भाग शोषून घेते, आणि ज्यांच्या आहारात लोह व कॅल्शियम कमी त्यांच्यात हे प्रमाण आणखी वाढते. शरीर शिशाला कॅल्शियमसारखे समजून हाडांत साठवते, तेथे ते वर्षानुवर्षे राहते आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून सुटून गर्भाला पोचते. म्हणूनच सासू-सुनांनी मिळून मणी निवडण्याची आमच्याकडची पद्धत मला आता फार चुकीची वाटते.

आमच्या वाड्यातले एक वडीलधारे मला म्हणाले, “भाऊ, आमनं आयुष्य यामाच गयं, आमले काय व्हयनं?” त्यांना मी उलट उत्तर दिले नाही. त्यांच्या पिढीने तारांवरचे आणि नळाचे शिसे वितळवले, ज्यात लेपाची पूड नव्हती, आणि वर्षातून एकदाच वितळवले. आजच्या बॅटरीच्या धंद्याशी त्याची तुलना होत नाही. बॅटरीचा धंदा वस्तीत आल्यावर काय होते, याचे उदाहरण आपल्यासारख्याच एका मच्छीमार वस्तीचे आहे. आफ्रिकेतल्या सेनेगल देशात, डाकार शहराच्या कडेला समुद्रकाठी थियारोये-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तेथे वर्षानुवर्षे बॅटऱ्या फोडल्या जात होत्या. शिशाला भाव आल्यावर बाया मातीत मिसळलेले शिसे चाळून विकू लागल्या. २००७ च्या नोव्हेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत त्या वस्तीतली १८ मुले दगावली. युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण ५ मायक्रोग्रॅमच्या वर आहे आणि त्यांतील सर्वांत मोठी संख्या भारतातली आहे. घरगुती पद्धतीने बॅटऱ्या फोडणे हे त्याच्या मुख्य कारणांपैकी एक सांगितले आहे.

बॅटरीच्या बाबतीत कायदा नाही असे नाही. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घेतली पाहिजे, ही तरतूद २००१ च्या नियमांपासून आहे, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर अधिक स्पष्टपणे टाकली आहे. बॅटरीतून शिसे काढण्याचे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी झालेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्यातच करता येते. तरीही गावोगावी बॅटऱ्या फुटतात, त्यांतले सल्फ्युरिक आम्ल गटारीत ओतले जाते आणि प्लेटा बाजारात येतात, कारण त्या विकत घेणारे आपण आहोत. भंगारवाल्याला दोष देऊन माझे समाधान होत नाही. तो स्वतः आणि त्याची मुले त्या पुडीत आपल्यापेक्षा जास्त वेळ असतात.

मग शिसे घ्यावे कोठून? एकट्याने दोन किलो घ्यायला गेलात तर नोंदणीकृत कारखाना दारात उभे करणार नाही, हे मला मान्य आहे. पण आपल्या प्रत्येक धरणावर आणि बंधाऱ्यावर, हतनूर असो, वाघूर असो, गिरणा असो की सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशे असोत, मासेमारी करणाऱ्यांच्या सहकारी संस्था आहेत. माझी विनंती या संस्थांच्या संचालकांना आहे. चाळीस सभासदांच्या संस्थेला प्रत्येकी दोन किलो धरले तर वर्षाला ८० किलो शिसे लागते. गेल्या काही वर्षांत वायदे बाजारात शिशाचा भाव किलोला १८० रुपयांच्या आसपास राहिला आहे. व्यापाऱ्याचा नफा आणि वाहतूक धरून तो २०० रुपये समजा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३६ रुपये. ८० किलोंचे झाले १८,८८० रुपये. बाजारातली बॅटरीची लादी आमच्याकडे १४० रुपयांना मिळते. फरक किलोला ९६ रुपयांचा, म्हणजे एका सभासदामागे वर्षाला दोनशे रुपयांच्याही आत. ज्या घरात मूल आहे, त्या घराने हे दोनशे रुपये जास्त मोजावेत, असे मी हात जोडून सांगतो. आणि जो प्लेटा आणून स्वतः वितळवतो, त्याचा हिशेब तर वर दिलाच आहे. त्याला आजही किलोला दोनशेच्या वर पडतात.

संस्थेने खरेदी करताना लादीची शुद्धता लेखी मागावी. कारखान्याकडे धातूच्या तपासणीचा दाखला असतो आणि ९९.९ टक्क्यांच्या वरचे शिसे सहज मिळते. बिल संस्थेच्या नावाचे, जीएसटी क्रमांकासह घ्यावे. बिलाचा आग्रह मी दोन कारणांनी धरतो. एक म्हणजे तारांचे आवरण म्हणून बाजारात येणारे शिसे पुष्कळदा सरकारी तारांच्या चोरीचे असते, आणि चोरीचा माल घेणाराही त्यात अडकतो. दुसरे म्हणजे, शिसे आणि साचा घरात दिसला की बंदुकीच्या गोळ्यांचा संशय येऊ शकतो. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने गुन्हा आहे, मग बंदूक शेतराखणीची आणि परवान्याची असली तरीही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत हे प्रश्न विचारले जातात. संस्थेचे बिल आणि सभासदाचे पुस्तक दाखवले की ते तेथल्या तेथे मिटतात.

ओतकामाबद्दल थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आयुष्यभर तेच शिकवले. शुद्ध शिसे घेतले म्हणजे धोका संपला असे नाही, तो पुष्कळ कमी होतो इतकेच. ओतकाम घरात किंवा ओट्यावर नको. वस्तीपासून दूर, वारा पाठीमागून येईल अशा मोकळ्या जागी, जमिनीवर जुना पत्रा अंथरून करावे. कढई लोखंडाची, जाड आणि फक्त शिशासाठी ठेवलेली असावी. तिच्यात पुन्हा कधीही काही शिजवू नये. ॲल्युमिनियमचे पातेले शिशासाठी वापरू नये. शिसे साडेतीनशे ते चारशे अंशांच्या दरम्यान ओतावे. मोजायला तापमापक नसेल, तर एवढे लक्षात ठेवावे की कढईचा तळ अंधुक लालसर दिसू लागला म्हणजे शिसे गरजेपेक्षा फार तापले आहे आणि वाफ निघते आहे. वितळल्यावर मेणाचा लहान तुकडा टाकून लाकडी काठीने ढवळावे. मेणाच्या धुरातला कार्बन वरच्या ऑक्साइडचे पुन्हा शिसे करतो आणि मळी कमी निघते. मळी उघड्यावर न टाकता झाकणाच्या डब्यात साठवावी, कारण तिच्यातही शिसेच असते आणि कारखाना ती परत घेतो. बॅटरीच्या जाळ्या वितळवणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. त्यांच्या मळीत कॅल्शियमबरोबर आर्सेनिक आणि अँटिमनीचे अंश असू शकतात, आणि अशा मळीला ओल लागली तर जीवघेणे वायू निघू शकतात.

पाण्याचे भय तर कोणत्याही शिशाला आहे. ओली लादी, ओला साचा किंवा कपाळावरून पडलेला घामाचा थेंबही वितळलेल्या शिशाच्या पोटात गेला, तर क्षणात वाफ होऊन सतराशेपट फुगतो आणि शिसे अंगावर उडते. मी शिकवत असताना एका मुलाच्या दंडावर असा डाग पडलेला पाहिला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर, दमट हवेत काम चालते, तेव्हा लाद्या आणि साचा आधी शेगडीच्या कडेला तापवून कोरडा करून घ्यावा. हातात चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बूट असावेत. चप्पल चालत नाही. काम झाल्यावर अंगण झाडू नये, ओल्या फडक्याने पत्रा पुसावा. कपडे तेथेच बदलून वेगळे धुवावेत, हात साबणाने धुतल्याशिवाय विडी किंवा तंबाखू तोंडात घालू नये. तंबाखू मळताना हाताला लागलेले शिसे थेट पोटात जाते, हे आमच्या लोकांना सांगून मी थकलो आहे, पण सांगणे सोडणार नाही.

शिशाऐवजी दुसरे काही नाही का, असाही प्रश्न एका तरुण सभासदाने विचारला. आहे. इंग्लंडमध्ये हंस मरू लागल्यामुळे १९८७ पासून गळाच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली आणि तेथे इतर धातूंची वजने रुळली. आपल्याकडे पाण्यात उभ्या लावायच्या जाळ्यांना भाजलेल्या मातीचे किंवा जस्तलेपित लोखंडाचे मणी चालतील असा माझा अनुभव आहे, कारण त्या जाळ्यांना बुडण्याची घाई नसते. फेकजाळ्याला मात्र अजून शिशाशिवाय समाधान होत नाही. म्हणून जेवढी उभी जाळी आहेत तेवढी तरी मातीच्या मण्यांवर न्यावीत. कुंभाराला चार पैसे मिळतील आणि तापीच्या तळाशी जाणारे शिसे तेवढेच घटेल.

जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्त कार्यालयाने संस्थांच्या या एकत्रित खरेदीसाठी नोंदणीकृत कारखान्यांची यादी मराठीत छापून द्यावी आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत, ज्या घरांत ओतकाम चालते तेथल्या सहा वर्षांखालील मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी व्हावी, एवढ्या दोन मागण्या मी या पत्राद्वारे करतो. आमच्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत एकत्रित खरेदीचा ठराव मी मांडणार आहे. माझ्याकडे एकाच ओतीत वीस मणी निघतील असा दोन भागांचा लोखंडी साचा आहे, तो मी निवृत्तीनंतर स्वतः घडवला. तापी, गिरणा, वाघूर किंवा पांझरा यांच्या काठची जी संस्था बिलाचे शुद्ध शिसे आणेल, तिच्या सभासदांसाठी हा साचा घेऊन मी येईन आणि पहिली ओत समोर उभा राहून करून दाखवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त निदेशक,
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव